दोष स्वभावात नाही, उतरंडीत आहे

शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांविषयी प्रस्थापितांचे मत ठरलेले आहे : आळशी, व्यसनी, स्वभावच तसा! विज्ञान मात्र वेगळे सांगते. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियातील बबून माकडांच्या रक्ताचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. उतरंडीच्या तळाशी मार खाणाऱ्या नरांत ताणाचे संप्रेरक कायम चढलेले आढळले. माणसांतही तेच. ब्रिटनच्या सरकारी नोकरांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराचे मृत्यू अधिक निघाले. दीर्घ ताणाने स्मरणशक्ती आणि निर्णयशक्ती खचते.

तानसा, भातसा धरणे शहापुरात, पाणी मुंबईला. इथल्या पाड्यांतील बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर जातातच. हा ताण निसर्गाने दिला काय?

सापोल्स्कींनी अभ्यासलेल्या एका कळपातील दांडगे नर १९८० च्या दशकात क्षयाने मेले. दांडगाई संपताच तळच्या नरांचा ताण उतरला. नंतर बाहेरून आलेले नरही तीच शांत रीत शिकले. माकडांची रीत बदलते, मग माणसांची का नाही?

बाबासाहेबांनी माणसाचा स्वभाव नव्हे, श्रेणीबद्ध विषमता दोषी ठरवली. व्यसनमुक्तीची प्रवचने पुरे. आधी पाणी, जमीन आणि पुरती मजुरी द्या!