सुनावणीतली शिस्त म्हणजे जोहार नव्हे

आपले अनेक कार्यकर्ते सुनावणीला मोर्चाला निघाल्यासारखे जातात. दालनात वीस माणसे शिरतात, आवाज चढतो, टेबलावर हात आपटला जातो. बाहेर आल्यावर 'साहेबाला चांगलेच सुनावले' म्हणून व्हिडिओ फिरतो. पण निकाल कागदावर लागतो, आणि कागदावर आपले म्हणणे कुठेच नसते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, हा प्रश्न गायरानाशी म्हणजे थेट पोटाशी जोडलेला आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट मोकळी केली. पण त्या काळात जमीन आपण कसत होतो, हे दाखवायला घोषणा चालत नाही. गाव नमुना १-ई मधील नोंद, दंडाची पावती, जुना पंचनामा लागतो. तो कागद तहसीलदारांपुढे दाखल झाला नाही, तर वरच्या अपिलात आपण काय दाखवणार?

काही मित्र विचारतात, साहेबापुढे आवाज खाली ठेवायचा म्हणजे पुन्हा जोहार घालायचा का? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर आहे, नाही. जोहार माणसापुढे घालावा लागत होता. शिस्त प्रक्रियेची असते आणि ती खुर्चीवर बसलेल्यालाही बांधते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार रीतसर चौकशीत साक्ष लेखी नोंदवावी लागते, निर्णयाची कारणे लिहावी लागतात, पक्षकारांना नोटीस द्यावी लागते. अधिकारी अरे-तुरे करत असेल, आपल्या म्हाताऱ्या माणसांना ताटकळत उभे ठेवत असेल, तर सभ्यता तो मोडतो आहे. तिथे शांतपणे म्हणा, "साहेब, हे रोजनाम्यात घ्या." नाही घेतले तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या.

दुसरी गोष्ट, ही चौकशी कायद्याने न्यायिक कार्यवाही मानली जाते. तिथला गोंधळ गुन्हा ठरू शकतो. मग जमीन मागणारा माणूस आरोपी होऊन तारखा करत बसतो आणि गायरान बाजूलाच राहते. हे कोणाच्या सोयीचे आहे, ते ओळखा.

बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्याच तळ्याचा दावा त्यांनी पुढे दहा वर्षे लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये आणि सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये त्यांनी लेखी निवेदन देऊन साक्षही दिली. रस्ता आणि दालन ही दोन वेगळी मैदाने आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९४१ साली आपल्याच कसबे तडवळ्याला वतनदार परिषदेसाठी आलेल्या बाबासाहेबांचे आपण वारस आहोत.

म्हणून घोषणा कचेरीच्या बाहेर द्या, जोरात द्या. आत मात्र वेळेवर जा. बोलणारा एकच ठरवा. म्हणणे लेखी ठेवा. रोजनामा वाचल्याशिवाय सही करू नका. निकालाची नक्कल लगेच मागा, कारण अपिलाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

जय भीम!