चिचुंद्रीची साक्ष

२५ एप्रिल १९९८ रोजी दक्षिण स्पेनमधील अझ्नालकोयार येथील खाणीच्या गाळाचा बांध फुटला. शिसे, जस्त, कॅडमियम आणि आर्सेनिक असलेला लाखो घनमीटर गाळ व आम्लयुक्त पाणी ग्वादियामार नदीत शिरले आणि दोन्याना या प्रसिद्ध पाणथळ वनाच्या वेशीपर्यंत पोहोचले. सरकारने गाळ खरवडून काढला. काठ पुन्हा हिरवा झाला. पण जमीन खरोखर बरी झाली का? याचे उत्तर संशोधकांनी तिथले उंदीर आणि चिचुंद्रीची एक जातभाई यांच्या शरीरात शोधले. गाळ उपसल्यानंतरही त्यांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात शिसे व कॅडमियम स्वच्छ भागातील प्राण्यांपेक्षा जास्त होते.

मातीच्या तपासणीतून जमिनीत किती धातू आहे ते कळते. त्यातला किती शरीरात शिरतो, हे प्राणी सांगतो. उंदीर-चिचुंद्री थोड्याशाच जागेत वावरतात, त्यामुळे त्यांच्या शरीरातले विष त्याच जागेचे असते. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी कृंतक नव्हे. ती किडे-गांडुळे खाते. गांडुळे मातीतले कॅडमियम साठवतात, म्हणून धान्य खाणाऱ्या उंदरापेक्षा तिच्यात ते बहुधा अधिक सापडते. शिवाय तीही सस्तन प्राणी. माणसाप्रमाणेच तिच्याही मूत्रपिंडात कॅडमियम आणि हाडांत शिसे साचते.

अर्थात, उंदरातला आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. वय वाढते तसा साठा वाढतो, म्हणून तुलना स्वच्छ भागातील त्याच जातीच्या, त्याच वयाच्या प्राण्यांशीच हवी. आणि मुलांच्या रक्ततपासणीला हा पर्याय नाही. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, आणि मुलांच्या बुद्धीचे झालेले नुकसान सहसा भरून येत नाही.

उंदरांकडून रोगाची चाहूल घेणे आपल्याला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हापासून मेलेला उंदीर हा धोक्याचा इशारा मानला जातो. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढणाऱ्या भट्ट्या, खाणी आणि कचराभूमींच्या आसपास पालिका असे प्राणी पकडतच असतील, तर त्यातले काही प्रयोगशाळेत पाठवणे अवघड नाही. त्यांच्यात धातू वाढलेले दिसले, तर लगतच्या वस्तीतील मुलांचे रक्त तातडीने तपासावे आणि विषाचा उगम बंद करावा. मुले आजारी पडण्याची वाट पाहत बसणे म्हणजे तपासणीचे काम मुलांच्याच शरीरावर सोपवणे होय.