नवऱ्याच्या आधारचा रकाना



अलीकडे आपल्या संघटनांकडे एक नवे निमंत्रण येऊ लागले आहे, तंत्रज्ञान परिषदेचे. ‘सामाजिक संस्थांना प्रवेशशुल्कात सवलत’ असे खाली लिहिलेले असते. मग जिला इंग्रजी बरे येते किंवा जिला त्या दिवशी दुसरे काम नाही, तिला आपण पाठवून देतो. मी पहिल्यांदा गेले ती अशीच. दोन दिवस थंडगार सभागृहात बसले, ‘स्त्रिया आणि डिजिटल सक्षमीकरण’ या सत्राला सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि एक कापडी पिशवी, दोन पेने व मूठभर व्हिजिटिंग कार्डे घेऊन परतले. सोमवारच्या बैठकीत ‘काय झालं तिथं?’ असे बायांनी विचारले तेव्हा जेवण चांगले होते, एवढेच सांगता आले.

दुसऱ्या वेळी एक प्रश्न घेऊन गेले. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा पात्र स्त्रियांमध्ये विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या जोडीने परित्यक्तांचाही स्पष्ट उल्लेख होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली आणि पडद्यावर बाईच्या आधारपाठोपाठ पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओटीपी जाणार त्याच्या मोबाईलवर. ज्याने घराबाहेर काढले त्यालाच फोन करून ‘आकडा सांगा’ म्हणायचे? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. पण परित्यक्तेकडे दोन्ही नसतात. नवरा जिवंत असतो आणि कोर्टाची पायरी ती चढलेली नसते. स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मिळावे म्हणून या राज्यातल्या परित्यक्तांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. जीआरमध्ये मिळवलेली जागा एका रकान्यात गेली.

सरकारी अर्जांची संगणकप्रणाली बनवणाऱ्या एका स्टॉलवर मी हे मांडले. या योजनेचे काम त्यांचे नव्हते. तिथला पंचविशीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, काय विचारायचं ते आम्ही ठरवत नाही. खात्याकडून लिहून येतं. अपवाद लिहून आला तर रकाना वाढवायला कितीसा वेळ?” मी विचारले, सुरू करण्याआधी तपासून पाहता तेव्हा समोर कोण बसते? तो जरा ओशाळला. “आमच्याच ऑफिसातले.” मग एका पत्रकाच्या मागे त्याने सगळा प्रवास काढून दाखवला: खात्याची मागणी, निविदा, आराखडा, चाचणी. आपण धावतो ती सगळे झाल्यावर, बाईचे पैसे अडकल्यावर. शिरकाव करायचा तो मागणी लिहिताना किंवा चाचणीला. दोन दिवसांच्या भाषणांतून न मिळालेले हे अर्ध्या तासात मिळाले.

तेव्हापासून जाण्याआधी कार्यक्रमपत्रिका मागवून आम्ही बैठकीत वाचतो. उद्घाटन आणि सक्षमीकरणाची सत्रे खुशाल सोडावीत, तिथे आपल्यालाच आपली गोष्ट ऐकवतात. दोघींनी जावे, एकीने बोलावे, दुसरीने नाव, हुद्दा, दिलेला शब्द लिहून घ्यावा. प्रश्न मराठीत विचारायला लाजू नये. महाराष्ट्रातल्या बायांसाठी प्रणाली बनवणाऱ्यांना मराठी समजायला हवी. आठ दिवसांच्या आत फोन करावा, नंतर ती माणसे ओळख देत नाहीत. एक मात्र कटाक्षाने पाळा. कुणाच्या आधारची झेरॉक्स, फोटो वा नावगाव तिथे देऊ नका. आपल्या मैत्रिणीची व्यथा पुढच्या वर्षी त्यांच्या पोस्टरवर झळकेल.

आणि पाठवायचे कुणाला? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल शासनाला परत केले, पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे म्हणून आवाज उठवला. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाईलला ओळखावा लागतो. तो ओळखत नाही तेव्हा समोरच्या बाईचे बोलणे सेविकाच खाते. पदवी माझ्याकडे आहे, पण हे ज्ञान तिच्याकडे आहे.

पुढच्या परिषदेसाठी आम्ही एका सेविकाताईंचे नाव कळवले. ‘वक्त्यांची यादी पूर्ण झाली आहे, प्रेक्षक म्हणून स्वागत आहे’ असे उत्तर आले. दोन दिवसांची रजा, एसटीचे भाडे, मुक्काम यांचा त्यात उल्लेख नाही. आम्ही पुन्हा पत्र पाठवले आहे. ताईंनी तोवर न जुळलेल्या चेहऱ्यांची, नावे गाळून, तारीखवार वही घातली आहे.

— संपादक