‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!



शिरूर आणि दौंड तालुक्यांतील काही वस्त्यांवर आम्ही कार्यकर्त्यांनी जातीच्या दाखल्यांचा सर्व्हे केला. प्रश्न साधा होता : दाखला आहे की नाही? काही घरांना कुलूप होते. एक आजी म्हणाल्या, “पेटीत कागद हाय बाळा, कसला ते पोरगं आलं की सांगंल.” असे रकाने आम्ही रिकामे सोडले. एका मित्राने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून बेरीज काढली आणि रिकामे रकाने सगळे ‘नाही’त जमा झाले. चूक कुणा अधिकाऱ्याची नव्हती, आमचीच होती.

कारण तांत्रिक आहे, पण समजून घ्या. पायथॉनमध्ये रिकामी किंमत ‘जर’च्या अटीत टाकली की ती गुपचूप ‘खोटे’ ठरते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत वेगळीच गंमत. ‘दाखला = हो’ असलेले मागा, रिकामा रकाना येत नाही. ‘दाखला हो नाही’ असलेले मागा, तरी येत नाही. माणूस दोन्ही याद्यांतून गायब! यादीतून गायब झालेल्या माणसाचा हक्क कोण मागणार?

यावर उपाय जुना आहे. पोलंडच्या लुकासिएविच यांनी 1920 मध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरी किंमत मांडली. पुढे क्लीनी यांनी ‘अज्ञात’साठी नियम दिले. समजा, योजनेला जातीचा आणि उत्पन्नाचा असे दोन्ही दाखले लागतात. उत्पन्नाचा नक्की नसेल, तर जातीचा माहीत नसला तरी उत्तर ‘नाही’. पण उत्पन्नाचा असेल आणि जातीचा माहीत नसेल, तर उत्तर ‘अज्ञात’. म्हणजे पुन्हा त्या घरी जा, विचारा.

1977 मध्ये बेलनॅप यांनी संगणकासाठी चार किमती मांडल्या : खरे, खोटे, दोन्ही, दोन्ही नाही. बौद्ध परंपरेतील चतुष्कोटी वाचलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मात्र ‘संगणक आमच्याच ग्रंथांत होता’ असली फुशारकी आपण मारायची नाही. ते काम दुसरे लोक करतात.

‘दोन्ही’ ही किंमत तर आपल्या घराघरांत आहे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, मुलीच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय यादीत स्थान मिळाले, पण कागद दोन तऱ्हेचे राहिले. प्रोग्रामने यातला एक गुपचूप पुसायचा नाही. ‘इथे विसंगती आहे, माणसाने बघावे’ असे सांगायचे.

म्हणून आमच्या त्या प्रोग्रामची आता नीट लायब्ररी बांधली पाहिजे असे मी म्हणतो. एका लॅपटॉपमधला कोड लॅपटॉपबरोबर मरतो. पॅकेज करून पायपीआयवर ठेवलेला कोड गडचिरोलीतला कार्यकर्ताही ‘पिप’ने एका ओळीत उतरवून घेतो. त्यासाठी चार गोष्टी हव्यात. चारही किमतींच्या तक्त्यांच्या चाचण्या. मराठीत माहितीपत्रक. खुला परवाना, कारण परवाना नसेल तर कोड दिसूनही दुसऱ्याला वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. आणि आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे अर्थ बदलला तर वापरणाऱ्याला कळेल.

सर्वांत महत्त्वाचे : ‘अज्ञात’ किंमत कुणी ‘जर’मध्ये टाकली, तर लायब्ररीने ‘नाही’ न म्हणता चूक दाखवून थांबावे. पांडाज या प्रसिद्ध लायब्ररीतील ‘एनए’ असेच थांबते. थोडा त्रास होईल, पण तो त्रास प्रोग्राम लिहिणाऱ्याला होऊ द्या, आजीला नको.

काही जण विचारतील, अन्याय-अत्याचार चालू असताना हे कोडिंग कशाला? मित्रांनो, आज हक्क अर्जाच्या खिडकीतून मिळतो आणि त्या खिडकीमागे प्रोग्राम बसलेला आहे. त्याचे नियम आपण वाचले नाहीत, तर नाकारले कुणी हेही कळणार नाही. मोर्चा हवाच. पण मोर्च्यात दाखवायची यादी खरी हवी.

शिरूर-दौंडमध्ये बीसीए, बीएस्सी, इंजिनिअरिंग केलेली आपली मुले-मुली आहेत. रविवारी विहारात लॅपटॉप घेऊन या. चाचण्यांपासून सुरुवात करू. आणि ते रिकामे रकाने? त्या घरांची दारे आम्ही पुन्हा वाजवणार आहोत.

जय भीम!