अण्णांची वेब्ली

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सत्तरी गाठली आणि घरात एकच चर्चा: रिव्हॉल्व्हर कोणाच्या नावावर? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी झाली की हत्यार वारसाला देता येतं. अर्थात वारसाला स्वतःचं लायसन मिळालं तर. पीस म्हणाल तर वेब्ली अँड स्कॉट, पॉइंट ३२, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. अक्कलकोट रोडच्या शेतावर रात्री पाणी द्यायला जाताना अण्णा कमरेला लावायचे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत.

माझा अर्ज जातोय न जातोय तोच मित्र सुरू झाला. "काय बे, किती जुनाट दिसतंय! सिलिंडर बदल, बॅरल छोटी कर, ट्रिगर हलका कर. आरएक्स हंड्रेडला केलंस की!"

केलं, खरंय. कार्बोरेटर एका गाडीचा, सायलेन्सर दुसरीचा. पण तिथं चुकलं तर गाडी होटगी रोडवरून ढकलत आणायची, बास.

इथं ट्रिगर ओढला की एक छोटा खटका सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो, आणि ते घर बॅरलसमोर बरोब्बर थांबावं लागतं. जुन्या हत्यारात हा मेळ कारागिरानं कानस मारून हातानं जुळवलेला. दुसऱ्या पिसाचं सिलिंडर टाकलं आणि केसभर फरक पडला, तरी गोळी बॅरलच्या तोंडाशी घासते, शिशाचे कण बाजूला उडतात. बाजूला म्हणजे शेजारी उभ्या माणसाच्या गालावर! फरक जास्त असेल तर हत्यारच फुटायची भीती.

वर १९५९ चा शस्त्र कायदा. बॅरल कापायला वेगळं लायसन, दुरुस्तीसुद्धा लायसनवाल्याकडेच, आणि नंबर खोडणं थेट गुन्हा. बऱ्याच जुन्या वेब्लींमध्ये फ्रेमचा नंबर सिलिंडरवरही असतो. दोन नंबर जुळले नाहीत की तपासणीत उत्तरं देत बसा. विकायला काढली तरी जाणकार आधी तेच बघतो.

शेवटी अण्णांनाच विचारलं, काय काय बदलू?

"मूठ बदल. डावीकडं तडा गेलाय. आन् स्प्रिंग ढिली झालीय."

"ट्रिगर जड आहे हो, अण्णा."

"असू दे. पस्तीस वर्षांत माणसावर एकदाही ओढला नाही मी."

म्हणून मूठ आणि स्प्रिंग, तेही लायसनवाल्या गनस्मिथकडून. मित्राला सध्या आरएक्सच्या नव्या हँडलवर गप्प केलंय.