फॉर्मवर सही करण्याआधी

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की पडेगाव. इथल्या एखाद्या घरी मुलीच्या दप्तरातून गाईडचा फॉर्म आला, तर पहिला प्रश्न गणवेशाच्या खर्चाचा निघतो. दुसरा, शिबिरात रात्री मुक्कामाला पाठवायचं का? दोन्ही रास्त आहेत.

पण गाईडची ही चळवळ मुलींनीच हट्टाने मिळवलेली आहे. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काउट मेळावा भरला, तिथे काही मुली न बोलावता हजर झाल्या. आम्हालाही हवंय, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड्स सुरू झालं, 1911 मध्ये ते जबलपूरला पोचलं. आज आपल्याकडे धाकट्या मुली बुलबुल, दहाच्या पुढच्या गाईड.

गाठी, प्रथमोपचार, तंबू हे सगळं येतंच. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती सहा-आठ जणींची तुकडी, जिची प्रमुख त्यांच्यातलीच एक असते. एरवी या वयात मुलींना ‘ऐक’ म्हणणारेच फार.

तेव्हा पालकांनो, शाळेत जाऊन जरूर विचारा: गाईड कॅप्टनचं प्रशिक्षण झालंय का, शिबिराला सोबत कोण, की गणवेश फक्त 26 जानेवारीच्या संचलनापुरता?