पोर आमचें, मग इतिहास कोणाचा?

युरोपांत पोलंड म्हणून एक देश आहे. तेथील सरकारनें सक्तीच्या सैन्यभरतीची शेवटची तुकडी २००८ सालच्या अखेरीस बोलावली आणि पुढें ती चाल बंद ठेवली. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें शेजारच्या युक्रेनवर मोठी स्वारी केली व पोलंडची झोंप उडाली. मार्च २०२५ मध्यें पंतप्रधान टुस्क यांनीं तेथील संसदेंत सांगितलें कीं, प्रत्येक प्रौढ पुरुषास लष्करी शिक्षण मिळावें अशी मोठी योजना आम्ही आंखीत आहों. अशी गोष्ट निघाली म्हणजे घरांत पहिला प्रश्न पडतो तो बंदुकीचा नव्हे. हा देश माझा केव्हां होता, आणि माझ्या आजा-पणजाला त्यानें कसें वागविलें, हा तो प्रश्न.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, 'मास्तर, ही पोलंडची उठाठेव आम्हांस कशाला? आमच्या विहिरीनें तळ गांठला आहे, आणि तुम्ही परमुलखाच्या गोष्टी सांगतां!' बंधूंनो, ज्या घरांतलें पोरगें पहांटे उठून डांबरी सडकेवर सोळाशे मीटरची धांव मारतें, त्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे. शिवाय पोलंड आपणांस अगदींच परका नाहीं.

कोल्हापुराजवळ वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोल लोकांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. १९४० सालीं रशियानें पूर्व पोलंडांतून असल्या कुटुंबांना आगगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे हांकून दिलें होतें. १९४१ सालीं जर्मनीनें रशियावरच हल्ला केला तेव्हां त्यांची सुटका झाली. पुरुष पोलिश सैन्यांत दाखल झाले, आणि बायकापोरें इराणच्या वाटेनें हिंडत हिंडत करवीरच्या मुलखांत आसऱ्याला आलीं. येथें त्यांनीं शाळा चालविल्या, आपलें प्रार्थनामंदिर मांडलें, आणि मुलांना आपली भाषा विसरूं दिली नाहीं.

त्यांचे पुरुष इटलींत लढत होते. त्याच इटलींत आपल्या कुणब्यांचीं पोरेंही लढत होतीं. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर मोठी चढाई झाली. एका अंगास पोलिश फौज, दुसऱ्या अंगास मराठा पलटण जींत होती ती आठवी हिंदी डिव्हिजन. नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना नदींतून वाहून आणलें, एकट्यानें शत्रूचीं मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या सालीं, १० जुलै १९४४ रोजीं, कुलाबा जिल्ह्याचे यशवंत घाडगे यांनीं त्याच देशांत देह ठेवला. त्यांसही मरणानंतर तोच मान मिळाला.

आतां या शौर्याचा हिशेब पाहा. सेनिओच्या लढाईच्या दोन महिने आधीं, फेब्रुवारी १९४५ मध्यें, याल्टा येथें तीन बड्या पुढाऱ्यांनीं बसून ठरविलें होतें कीं, पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहावा. म्हणजे वळिवड्याच्या बाया ज्या गांवांची वाट पाहत होत्या, तीं गांवें कागदावर केव्हांच गेलीं होतीं. आणि त्यांचे धनी मात्र नदींत उतरून लढत होते. आपले जाधव आणि घाडगे ज्या साम्राज्यासाठीं लढले, तें तरी त्यांचें कोठें होतें? ओठांवर नांव शिवछत्रपतींचें, आणि पगारपत्रकावर शिक्का इंग्रजाचा! रक्त सांडणारा एक आणि नकाशा आंखणारा दुसरा.

पोलंडचा मागचा इतिहास तर शेतकऱ्यानें मुद्दाम वाचावा असा आहे. शेजारच्या तीन बादशाह्यांनीं त्याचे तीन वेळां लचके तोडले, आणि १७९५ सालीं तो देश नकाशावरून पुसला गेला. सरदारांच्या पोथ्या म्हणतात, शेजाऱ्यांनीं दगा केला. तें खोटें नाहीं. पण हीच गोष्ट कुळाच्या अंगणांतून कशी दिसत होती? जमीन सरदाराची, आठवड्यांतले कित्येक दिवस कुळानें त्याच्या शेतावर फुकट राबावें, आणि त्याच्या परवानगीवांचून गांव सोडूं नये! अशा माणसाला 'देश बुडाला हो!' म्हणून सांगितलें, तर त्याचें काय बुडालें?

हें कोश्चुश्को नांवाच्या सेनापतीनें ओळखलें. १७९४ च्या उठावांत त्यानें कुळांना हांक मारली. बंदुका नव्हत्या, तेव्हां गवत कापण्याच्या लांब दांड्याच्या कोयत्यांचीं पातीं लोहारांनीं सरळ करून दिलीं, आणि तीं घेऊन कुणबी रशियन तोफांवर धांवून गेले. ४ एप्रिल रोजीं रात्स्लावित्से येथें त्यांनीं तोफा पकडल्या. बार्तोश नांवाच्या एका कुळानें पेटती बत्ती आपल्या टोपीनें विझविली, ही हकीकत तेथें पोरासोरांना पाठ आहे. पुढें ७ मे रोजीं कोश्चुश्कोनें जाहीरनामा काढून कुळांना मोकळीक दिली आणि वेठीचे दिवस कमी केले. पण सरदारांनीं काय केलें? जाहीरनामा कागदावर राहिला, वेठ शेतावर राहिली. उठावही मोडला.

याचें फळ पन्नास वर्षांनीं आलें. १८४६ सालीं ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील भागांत सरदारांनीं पुन्हां स्वातंत्र्याचा उठाव मांडला, तेव्हां कुणबी सरदारांच्या मागें उभे राहिले नाहींत. ते सरदारांच्या वाड्यांवर चालून गेले आणि मोठी कत्तल झाली. 'पोल' म्हणजे जमीनदार, आपण नव्हे, असेंच त्यांतले कित्येक समजत. त्या कत्तलीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. पण ती कशानें पेटली हें जो सांगत नाहीं, तो इतिहास सांगत नाहीं. १८६४ सालीं रशियाच्या झारनें डाव ओळखला. सरदारांचा उठाव चालू असतांनाच त्यानें कुळांच्या नांवें जमिनी करून दिल्या. आपल्यांनीं सत्तर वर्षें जें दिलें नाहीं, तें परक्यानें एका हुकुमानें दिलें.

१९१८ त पोलंड पुन्हां उभा राहिला. १९२० सालीं रशियाची लाल फौज राजधानीच्या वेशीकडे येऊं लागली, तेव्हां तेथील शहाण्यांना आठवण झाली. १५ जुलै रोजीं जमीनवांटपाचा कायदा पास झाला. २४ जुलै रोजीं वित्तोस नांवाचा कुणबी पुढारी पंतप्रधान झाला. आतां हांक मारणारा आपल्यांतला होता आणि ओंजळींत घालायला कांहीं होतें. ऑगस्टांत वॉर्साची लढाई झाली आणि देश वांचला. तो जमिनीचा कायदा मात्र पुढें रखडला, आणि १९२५ सालीं दुसरा करावा लागला. संकटांत दिलेलें वचन संकट सरल्यावर कसें पातळ होतें, हेंही यांतून शिकण्यासारखें आहे.

हा आरसा आतां आपल्याकडे फिरवूं. शिवाजी महाराजांचें स्वराज्य कोणाच्या मनगटावर उभें राहिलें? मावळच्या कुणब्यांच्या, कोळ्यांच्या, रामोशांच्या, महारांच्या, बाराबलुतेदारांच्या. जोतीराव फुले यांनीं १८६९ सालीं महाराजांचा पोवाडा रचला तो हें सांगण्यासाठींच, कीं हा राजा कुळवाड्यांचा होता. पण राज्य वाढलें, वाडे उंच झाले, आणि कुळवाडी पुन्हां जात्याखालीं आला.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगांवची लढाई घ्या. पेशव्यांच्या वाड्यांतून पाहिलें तर ती स्वराज्याच्या अस्ताची घडी. इंग्रजांच्या बाजूनें लढलेल्या महार शिपायाच्या झोंपडींतून पाहिलें तर ज्यांनीं आपल्याला माणसांत मोजलें नाहीं त्यांच्यापुढें ताठ उभें राहण्याची घडी. दोन्ही माणसें एकाच मुलखांतलीं. यांतल्या एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला देशद्रोही म्हणून मोकळें होणें सोपें आहे. ज्या राज्यानें त्या शिपायाला वेशीबाहेर ठेवलें, त्याचा हिशेब मात्र त्यानें मिटत नाहीं.

आणि इंग्रज तरी त्याचा सोयरा होता काय? 'लढाऊ जातीं'चें खूळ काढून त्यानें १८९० नंतर महारांची भरती बंद केली. १९१० सालीं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. १९१७ त नड लागली तेव्हां १११ वी महार पलटण उभी केली; १९२१ त नड सरली, पलटण मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभें राहिलें, तें मात्र टिकलें. नड तेव्हां शूर, नड सरली कीं दूर!

मराठा शिपायाची कथा फार निराळी नाहीं. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं पुण्यांत इंग्लंडच्या युवराजाच्या हातून दोन पाये घातले गेले. एक शिवछत्रपतींच्या स्मारकाचा, दुसरा महायुद्धांत पडलेल्या मराठा वीरांच्या स्मारकाचा. तो मान होताच. पण आपल्याकडील कित्येक खेड्यांत त्याच महायुद्धाची संगमरवरी पाटी भिंतींत आहे, ती वाचा. या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या लढाईस इतके गेले, इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. आंकडा आहे, नांव नाहीं! बाजारांत गुरें मोजावीं तशीं माणसें मोजलीं.

आज राज्य आपलें आहे. येथें सक्तीची भरती नाहीं. उद्यां देशावर प्रसंग आलाच, तर घटनेच्या २३ व्या कलमानें सरकारास सार्वजनिक कामासाठीं सक्तीची सेवा लावतां येते. परंतु तसें करतांना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेद करतां येणार नाहीं, असें तेंच कलम बजावतें. हें वाक्य प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें. ओझें यायचें तर बंगल्यावरही यावें, झोंपडीवरही यावें.

स्वेच्छेनें जाणाऱ्यांनींही करार वाचून जावें. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा वर्षांवरील मुलास चार वर्षांची नोकरी. शंभरांत फार तर पंचवीस कायम. बाकीच्यांना सुमारें ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधि, पण निवृत्तिवेतन नाहीं. कोणास ही योजना रुचेल, कोणास नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बैल घेतांना दांत पाहणारा बाप पोराच्या सहीच्या वेळीं डोळे मिटून कां बसतो? चार वर्षांनंतर काय, हें आज बसून ठरवा. शिक्षण अर्धें टाकून पोरास धाडूं नका. आणि शिपाईगिरीवरच संतोष कां? साताऱ्यास १९६१ पासून सैनिक शाळा आहे, खडकवासल्यास प्रबोधिनी आहे. मे २०२५ मध्यें तेथून १७ मुलीही शिकून बाहेर पडल्या. त्या दारांतून आपलीं मुलें आणि मुली कां जाऊं नयेत?

आणखी एक काम सरकारवांचून होण्यासारखें आहे. गांवच्या पाटीवर जो आंकडा आहे, त्याचीं नांवें शोधा. म्हाताऱ्यांना विचारा, जुन्या पेटींतले पेन्शनचे कागद काढा. राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या दप्तरांतही मेलेल्यांचीं नांवें पाहावयास मिळतात. कुणबी असो, महार असो, न्हावी असो, सर्वांचीं नांवें एकाच वहींत लिहा आणि शाळेंत मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्या.

देशासाठीं लढण्यास आमच्या घरांनीं कधीं नाहीं म्हटलें नाहीं, आणि म्हणणारही नाहींत. पण ज्या घराला इतिहासांत जागा नाहीं, त्या घराकडे राष्ट्रानें पोर मागावें कोणत्या तोंडानें? पोलंडच्या सरदारांना हा प्रश्न फार उशिरां ऐकूं आला. आपण तो वेळेवर विचारूं या.